वेचक संग्रह आणि सार्वजनिक ऋणाचा वाद : मॅकक्युलॉकच्या पुस्तिकासंग्रहांची चिकित्सा

१

इंग्लंडातील सार्वजनिक ऋणाचा व बँकव्यवहाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास अधिकृत हिशेब, कायदे आणि संसदेची कामकाजवृत्ते यांच्या जोडीला आणखी एका साधनाकडे वळावेच लागते. ते साधन म्हणजे तत्कालीन राजकीय पुस्तिका. सन १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची स्थापना झाली, ती सरकारला बारा लक्ष पौंड आठ टक्के व्याजाने कर्ज देण्याच्या अटीवर. त्या दिवसापासून राज्याचे कर्ज, बँकेचे हितसंबंध आणि पक्षीय राजकारण ही तिन्ही एकमेकांत गुंतली, आणि या गुंत्यावर दीडशे वर्षे जो वाद चालला तो मुख्यतः स्वस्त, बिनबांधणीच्या आणि बहुधा निनावी पुस्तिकांतून चालला. त्या जपून ठेवण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. चालू अधिवेशनात एखाद्या विधेयकाला पाठिंबा मिळविणे अथवा एखाद्या मंत्र्याला खाली खेचणे, एवढाच त्यांचा हेतू असे. तो साधला वा फसला की पुस्तिकेचा कागद वाण्याच्या पुड्या बांधण्याच्या कामी येई.

अशा साहित्यातील जे काही आज उपलब्ध आहे, ते संग्राहकांमुळे उपलब्ध आहे. परंतु संग्राहक जतन करतो तेव्हाच तो निवडही करीत असतो, आणि निवड हा एक प्रकारचा निर्णय असतो. तो निर्णय कोणी, केव्हा व कोणाच्या साहाय्याने केला, हे तपासल्यावाचून संग्रहातील पुस्तिकांचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे. जॉन रॅमसे मॅकक्युलॉक याने १८५७ साली संपादित केलेले दोन संग्रह, एक राष्ट्रीय ऋण व कर्जफेड निधी यांवरचा आणि दुसरा कागदी चलन व बँकव्यवहार यांवरचा, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. दोन्हींचा संपादक एकच, आश्रयदाता एकच, प्रकाशनवर्षही एकच. तरीही संपादनाच्या न्यायबुद्धीत दोहोंमध्ये जो फरक दिसतो तो लक्षणीय आहे. त्या फरकाची मीमांसा हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

२

मॅकक्युलॉक (१७८९-१८६४) हा स्कॉटलंडमधील अर्थशास्त्रज्ञ. रिकार्डोच्या मताचा तो कडवा पुरस्कर्ता. लंडनच्या नव्या विद्यापीठात, म्हणजे पुढच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, राज्यीय अर्थशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची १८२८ मध्ये नियुक्ती झाली, आणि १८३८ पासून मृत्यूपर्यंत तो सरकारी मुद्रण व लेखनसाहित्य कार्यालयाचा नियंत्रक होता. सिद्धान्तकार म्हणून त्याला पहिल्या पंक्तीत कोणी बसविणार नाही. परंतु ग्रंथज्ञ म्हणून त्याची योग्यता निर्विवाद आहे. अर्थशास्त्रीय वाङ्मयाची विषयवार व सटीप सूची त्याने १८४५ मध्ये प्रसिद्ध केली. सतराव्या व अठराव्या शतकांतील विस्मृत पुस्तिकांकडे अर्थशास्त्राच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी इंग्रजी अभ्यासकांना देण्यात या सूचीचा वाटा मोठा आहे.

सन १८५६ मध्ये पोलिटिकल इकॉनॉमी क्लब या संस्थेसाठी त्याने जुन्या पुस्तिकांचे दोन संग्रह संपादित केले. एक व्यापारावरचा, दुसरा नाण्यांवरचा. पुढील चार संग्रहांचा खर्च लॉर्ड ओव्हरस्टोनने उचलला. त्यांपैकी ऋणावरचा व कागदी चलनावरचा हे १८५७ मध्ये, तर उरलेले दोन १८५९ मध्ये निघाले. हे खंड बाजारात विकण्यासाठी छापलेले नव्हते. मोजक्या प्रती काढून त्या स्नेह्यांना व संस्थांना देण्यात आल्या. दुर्मिळ पुस्तिका सुलभ करण्यासाठी काढलेले हे खंड त्यामुळे स्वतःच दुर्मिळ ठरले, आणि विसाव्या शतकात त्यांचेच पुनर्मुद्रण करण्याची वेळ आली.

येथे ओव्हरस्टोन कोण होता हे विसरून चालणार नाही. सॅम्युअल जोन्स लॉइड हे त्याचे मूळ नाव. त्याच्या घराण्याची जोन्स, लॉइड अँड कंपनी ही पेढी लंडनमधील मातब्बर पेढ्यांपैकी एक होती. नोटांची संख्या सोन्याच्या साठ्याबरोबर आपोआप वाढली वा घटली पाहिजे, हे मत मांडणाऱ्या ‘चलनवादी’ पक्षाचा तो अग्रणी होता, आणि १८४४ चा बँक सनदेचा कायदा याच मताच्या पायावर उभा होता. रिकार्डोचा शिष्य संपादक आणि १८४४ च्या कायद्याचा कैवारी आश्रयदाता, अशी ही जोडी होती.

३

प्रथम ऋणविषयक संग्रहाचा विचार करू गेल्यास त्याच्या शीर्षपृष्ठावर हार्ली, गूल्ड, पुल्टनी, वॉल्पोल, ह्यूम, प्राइस आणि हॅमिल्टन ही नावे दिसतात. ही यादी वाचताना प्रथम जाणवते ती तिची रचना. येथे एकेका लेखकाची सुटी मते ओळीने मांडलेली नाहीत. वादी व प्रतिवादी समोरासमोर बसविलेले आहेत.

नॅथॅनिएल गूल्डचा १७२६ मधील निबंध सरकारपक्षाचा. १७१७ मध्ये स्थापन झालेल्या कर्जफेड निधीमुळे ऋणाचा भार हलका होत आहे, असे त्याचे प्रतिपादन. पुढच्याच वर्षी विल्यम पुल्टनीने १७१६ व १७२५ या दोन वर्षांच्या ऋणाचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्या प्रतिपादनाला छेद दिला. एका बाजूने फेड आणि दुसऱ्या बाजूने नवे कर्ज, असा व्यवहार चालला असता केवळ फेडीची रक्कम दाखवून लोकांचे समाधान करता येत नाही, हा त्याचा आशय. पुल्टनीचा हेतू पक्षीय होता यात संशय नाही, कारण वॉल्पोलविरोधी गोटाचा तो नेता होता. परंतु पक्षीय हेतूने उपस्थित केलेला प्रश्नही शास्त्रदृष्ट्या योग्य असू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. सन १७३३ मध्ये वॉल्पोलने निधीतील पाच लक्ष पौंड चालू खर्चाकडे वळविले, आणि १७३५ च्या पुस्तिकेत अशा धोरणाचे समर्थन आले. तिन्ही लेखने सलग वाचली म्हणजे निधीचे पावित्र्य ही कल्पना राजकारणात कशी जन्मली, कशी वापरली गेली आणि कशी सोयीप्रमाणे बाजूस सारली गेली, हे टीकाकाराच्या मदतीवाचून उमगते.

दुसरी जोडी प्राइस व हॅमिल्टन यांची. रिचर्ड प्राइसने १७७२ मध्ये चक्रवाढ व्याजाचे सामर्थ्य सांगताना एक दृष्टान्त योजला. ख्रिस्तजन्माच्या वेळी एक पेनी पाच टक्के चक्रवाढीने गुंतविली असती, तर एव्हाना तिच्या मोलाचे सोने पृथ्वीएवढ्या पंधरा कोटी भरीव गोलांहून अधिक झाले असते. गणित बिनचूक होते. परंतु व्याज देणारा आणि व्याज घेणारा एकच असेल, तर ही वाढ कोणाच्या खिशातून यावयाची, हा प्रश्न त्या दृष्टान्ताच्या झगमगाटात दिसेनासा झाला. धाकट्या पिटने १७८६ मध्ये प्राइसच्या विचारांचा आधार घेऊन दरसाल दहा लक्ष पौंडांचा निधी उभारला. निधीचे आयुक्त बाजारातून सरकारी रोखे विकत घेत. ते रोखे रद्द न होता त्यांवरील व्याज करांतून आयुक्तांनाच मिळत राही, आणि त्या व्याजातून आणखी रोखे घेतले जात. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर तर निधीत भरणा करण्यासाठीच नवे कर्ज काढण्याची पाळी आली. ऍबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजातील गणिताचा प्राध्यापक रॉबर्ट हॅमिल्टन याने १८१३ मध्ये या साऱ्या यंत्रणेचा पाया उकरून दाखविला. खर्चापेक्षा उत्पन्न जितके अधिक, तितकेच कर्ज फिटते. बाकी सर्व हिशेबाची फिरवाफिरव आहे, हा त्याचा निष्कर्ष पुढे मान्य झाला आणि १८२९ मध्ये ही निधिपद्धती संपुष्टात आली.

प्राइसला वगळून केवळ हॅमिल्टन छापला असता, तर वाचकाला उत्तर मिळाले असते. पण ज्या भ्रमाने एका बुद्धिमान राष्ट्राला चाळीस वर्षे भारून टाकले त्याची ओढ कळली नसती. मॅकक्युलॉक हॅमिल्टनच्या बाजूचा होता. तरीही प्राइसला त्याच्याच शब्दांत बोलू देण्याचे औचित्य त्याने दाखविले. ह्यूमच्या १७५२ मधील निबंधाबाबतही असेच म्हणता येईल. राष्ट्रीय ऋणाची परिणती राष्ट्राच्या नाशात किंवा दिवाळखोरीत होईल, असे ह्यूमचे भाकीत होते. १८१५ नंतर ऋण ऐंशी कोटी पौंडांच्या पलीकडे गेले, तरी ते भाकीत खरे ठरले नाही. खोटे ठरलेले भाकीत, अव्यवहार्य ठरलेली योजना आणि उघड पक्षपाती हिशेब यांना एकाच खंडात स्थान देणारा हा संग्रह खऱ्या अर्थाने वादाचा दस्तऐवज झाला आहे.

या संग्रहात एक दोष मात्र दाखविला पाहिजे. यादीतील पहिले नाव हार्लीचे. सार्वजनिक पतीवरील १७१० मधील हा निबंध त्या काळी रॉबर्ट हार्लीच्या नावावर खपत असे आणि मॅकक्युलॉकने ती परंपराच स्वीकारली. आज तो निबंध डॅनिएल डेफोचा मानला जातो. डेफो त्या सुमारास हार्लीच्या सेवेत होता. वरवर पाहता ही बाब ग्रंथसूचीच्या तपशिलाची वाटेल. वस्तुतः तीमुळे पुस्तिकेचा अर्थच पालटतो. गोडॉल्फिनच्या पदच्युतीने राज्याची पत ढासळेल, अशी भीती धनिकवर्गात पसरली असता, पत ही कोणा एका मंत्र्यावर अवलंबून नसून संसदेच्या व राष्ट्राच्या सचोटीवर अवलंबून असते, असे या निबंधात सांगितले आहे. हे मत नव्या मंत्र्याचे मानले, तर ते शासनाचे अभिवचन ठरते. आणि पदरी ठेवलेल्या लेखकाचे मानले, तर तो लोकमत वळविण्याचा एक प्रयत्न ठरतो. निनावी पुस्तिकेला नाव देणे हा संग्राहकाचा सर्वांत मोठा अधिकार आहे आणि सर्वांत मोठी जोखीमही तीच आहे.

४

कागदी चलनाविषयीच्या संग्रहाकडे वळताच चित्र बदलते. येथे शीर्षपृष्ठावर ह्यूम, वॉलेस, थॉर्नटन, रिकार्डो, ब्लेक आणि हस्किसन ही नावे आहेत. प्रत्येक नाव आदरणीय आहे. परंतु १७९७ नंतरच्या वादात जे लेखक येथे मानाने मिरवतात, ते बहुतांशी एकाच बाजूचे आहेत.

त्या वादाचे स्वरूप थोडक्यात असे. फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले आणि ही स्थिती १८२१ पर्यंत टिकली. मधल्या काळात सोन्याचा बाजारभाव चढला, तेव्हा दोष कोणाचा असा प्रश्न उभा राहिला. बँकेने नोटा अतिरिक्त काढल्या म्हणून त्यांचे मोल घटले, असे रिकार्डो, ब्लेक व हस्किसन यांचे म्हणणे. लष्करी खर्चासाठी परदेशी पाठवावा लागणारा पैसा, धान्याची आयात आणि व्यापारातील अडथळे यांनी हुंडणावळ बिघडली आहे, असे बँकेच्या बाजूचे म्हणणे. १८१० च्या संसदीय समितीने पहिला पक्ष उचलून धरला. चार्ल्स बोझँकेट या व्यापाऱ्याने समितीच्या अहवालावर अनुभवाच्या आधारे आक्षेप घेतले आणि रिकार्डोने १८११ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. कॉमन्स सभागृहाने मात्र त्याच वर्षी समितीच्या शिफारशी फेटाळल्या.

म्हणजे समकालीनांच्या दरबारात जो पक्ष जिंकला होता, त्याच्या प्रवक्त्यांना मॅकक्युलॉकच्या शीर्षपृष्ठावर जागा नाही. बोझँकेट आज आठवला जातो तो रिकार्डोने ज्याचे खंडन केले तो मनुष्य म्हणून. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरातून वाचण्याची सवय अभ्यासकांना लागली, तिचे श्रेय वा अपश्रेय काही अंशी अशा वेचक संग्रहांकडे जाते. १८४४ चा कायदा झाला त्याच वर्षी टूक व फुलार्टन यांनी चलनवादी मतावर जी मर्मभेदी टीका केली, तिचे कर्तेही या नामावळीत नाहीत. फुलार्टनचा अनुभव तर कलकत्त्याच्या पेढीतला होता. लंडनच्या वर्तुळाबाहेरून आलेली ती दृष्टी होती.

राहिले आणखी दोघे. टॉमस पेनने १७९६ मध्ये इंग्लंडची ऋणपद्धती कोसळण्याच्या बेतात आहे असे लिहिले, आणि वर्षभराच्या आत बँकेने सोने देणे थांबविले. विल्यम कॉबेटने न्यूगेटच्या तुरुंगातून कागदी पैशावर लेखमाला लिहिली, ती १८१५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दोघांच्या आकडेमोडीत व अनुमानांत उणिवा पुष्कळ. तथापि ऋणावरील व्याज कोणाच्या श्रमातून दिले जाते आणि ते कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न सामान्य वाचकापर्यंत पोचविणारे लेखक हेच होते. त्या प्रश्नाला दोन्ही शीर्षपृष्ठांवरील नामावळीत प्रतिनिधी नाही.

मॅकक्युलॉकला न्याय देण्यासाठी दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. एक, वॉलेस हा कागदी पतीचा पुरस्कर्ता होता आणि ह्यूमच्या विरोधात लिहीत होता, म्हणून अठराव्या शतकाच्या मर्यादेत तरी येथे दुसरी बाजू ऐकू येते. दुसरी, थॉर्नटनचा १८०२ मधील ग्रंथ एका पक्षाच्या चौकटीत बसणारा नाही. बँकेच्या अडचणी त्याने सहानुभूतीने समजून घेतल्या आहेत, आणि संकटकाळी नोटा आखडून धरल्याने अनर्थ वाढतो हे त्याने जितके स्पष्ट सांगितले तितके त्या पिढीत क्वचितच कोणी सांगितले असेल. त्यामुळे या संग्रहाला प्रचारपुस्तक म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वादाचा समतोल त्यात नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

या असमतोलाचे कारण संपादकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा काळात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. १८५७ साली कर्जफेड निधीचा वाद निवालेला होता. त्यात कोणाचे पद, पेढी वा प्रतिष्ठा गुंतलेली नव्हती. म्हणून प्राइसला शेजारी बसविणे सोपे होते. चलनाचा वाद मात्र धगधगत होता. त्याच वर्षी बँकविषयक कायद्यांची संसदीय समितीपुढे चौकशी चालली होती आणि ओव्हरस्टोन त्या समितीपुढे साक्षीस उभा होता. नोव्हेंबरात आर्थिक अरिष्ट ओढवले आणि १२ नोव्हेंबर रोजी सरकारला १८४४ च्या कायद्याची मर्यादा ओलांडण्याची मुभा बँकेला द्यावी लागली. ज्या सिद्धान्ताची अशी कसोटी चालली होती, त्याची वंशावळ याच वर्षी सुबक छपाईत सिद्ध झाली, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. यावरून असा निष्कर्ष निघतो की, मृत वादाच्या बाबतीत निःपक्षपातीपणा हा संग्राहकाचा गुण असला तरी त्याची परीक्षा जिवंत वादातच होते.

५

वेचक संग्रहाला पर्याय म्हणून सर्वसंग्राहक पद्धतीचे उदाहरण हर्बर्ट सॉमर्टन फॉक्सवेल (१८४९-१९३६) याचे देता येईल. जेव्हन्सच्या सहवासात १८७५ मध्ये सहा पेन्सांना घेतलेल्या लार्डनरच्या रेल्वेविषयक ग्रंथापासून त्याच्या खरेदीस प्रारंभ झाला. १९०१ मध्ये त्याचा सुमारे तीस हजार ग्रंथ व पुस्तिकांचा संग्रह लंडनच्या सुवर्णकार मंडळाने दहा हजार पौंडांना घेतला आणि १९०३ मध्ये लंडन विद्यापीठास अर्पण केला. त्यानंतर त्याने दुसरा संग्रह जमविला, तो हार्वर्ड विद्यापीठाच्या क्रेस ग्रंथालयात गेला.

फॉक्सवेल स्वतः निष्पक्ष मुळीच नव्हता. तो सोने व रुपे या द्विधातुचलनाचा पुरस्कर्ता होता आणि रिकार्डोपंथाचा कठोर टीकाकार होता. परंतु त्याची मते त्याच्या प्रस्तावनांत राहिली. संग्रहाचे दार त्यांनी अडविले नाही. इंग्लंडातील आद्य समाजवाद्यांच्या विस्मृत पुस्तिका त्याने जमविल्या आणि १८९९ मध्ये मेंगरच्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना व सूची जोडून त्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. १६९६ च्या भूमिबँकेसारख्या पूर्णतः फसलेल्या योजनेचे साहित्यही अशाच दृष्टीतून मोलाचे ठरते. त्या बँकेने सरकारसाठी पंचवीस लक्षांहून अधिक पौंड उभारावयाचे होते. प्रत्यक्षात काही हजारांपलीकडे भरणा झाला नाही. तरी सोन्याऐवजी जमीन तारण ठेवून पत निर्माण करण्याची ती कल्पना जमीनदारवर्गाला बँक ऑफ इंग्लंडविषयी काय वाटत होते हे सांगते, आणि यशस्वी संस्थेच्या दप्तरातून ते कधीच कळले नसते.

सर्वसंग्रहालाही मर्यादा आहेत. तीस हजार पुस्तिकांच्या राशीत विद्यार्थ्याला दिशा लागत नाही, तर वेचक खंड त्याच्या हाती वाट देतो. शिवाय मॅकक्युलॉकने निवडीसोबत मूळ साधनेही राखली होती. त्याचे निजी ग्रंथालय त्याच्या मृत्यूनंतर ओव्हरस्टोनने विकत घेतले, आणि ओव्हरस्टोनच्या कन्येच्या मृत्युपत्रान्वये ते रेडिंग येथील महाविद्यालयास, म्हणजे आजच्या विद्यापीठास, मिळाले. मुद्रित निवड आणि मूळ ग्रंथसंभार हे दोन्ही शेजारी ठेवून तपासण्याची सोय त्यामुळे झाली आहे. संपादकाने काय घेतले याबरोबरच काय हाताशी असून घेतले नाही, हे अशा तुलनेतूनच ठरविता येते.

६

या चर्चेचे भारतीय अभ्यासकाला असलेले प्रयोजन स्पष्ट आहे. १८५८ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचे ऋण भारताच्या महसुलावर लादले गेले. त्या ऋणाची न्याय्यता तपासण्यासाठी कराची अधिवेशनानंतर काँग्रेसने १९३१ मध्ये समिती नेमली. तिच्या सदस्यांत मुंबईचे बहादुरजी व प्राध्यापक के. टी. शहा होते. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी रुप्याला बंद करण्यात आल्या, त्या निर्णयाचे व त्यापुढील चलनपद्धतीचे परीक्षण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ मधील प्रबंधात केले. या प्रत्येक वादाभोवती निवेदने, व्याख्याने व पुस्तिका यांचे मोठे वाङ्मय निर्माण झाले. प्रबंध व अहवाल ग्रंथालयांच्या कपाटांत सुरक्षित राहतात. ज्यांना उत्तर म्हणून ते लिहिले गेले त्या चोपड्या मात्र रद्दीत जातात.

असे साहित्य जमविणाऱ्यास मॅकक्युलॉकच्या दोन खंडांतून काही नियम सहज हाती लागतात. उत्तर ठेवावयाचे असेल तर आक्षेपही ठेवावा. निनावी पुस्तिकेस नाव देताना आधार नोंदवावा आणि परंपरेने चालत आलेले नाव तसे आहे असे सांगावे. पुनर्मुद्रण झाले तरी मूळ प्रत, तिच्यावरील किंमत, मुद्रकाचे नाव व समासातील टिपा यांसह राखावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संग्राहकाने त्या वादातील स्वतःची बाजू प्रस्तावनेत उघड करावी. १८५७ च्या दुसऱ्या खंडाच्या शीर्षपृष्ठावर पेन, बोझँकेट व टूक यांची नावे नाहीत, म्हणून तो खंड टाकाऊ ठरत नाही. तो वाचताना मात्र ती तीन नावे वाचकाने स्वतःच्या हाताने समासात लिहून घेतली पाहिजेत.